एकाच ऑफिसात विंडोज, लिनक्स आणि मॅक: फाइल्स आणि ड्राइव्ह शेअर करण्याची घडी कशी बसवायची

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला सपोर्ट देणं थांबवलं. ज्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चढत नाही, असे बरेच चांगले चालते डबे त्यानंतर लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर गेले. नाशिकच्या छोट्या ऑफिसांत याचा परिणाम आता जागोजागी दिसतो. अंबडच्या एखाद्या जॉबवर्क युनिटमध्ये हिशोबाचा कॉम्प्युटर विंडोज ११ वर असतो, स्टोअरमधला जुना डबा मिंटवर, कॅटलॉग करणाऱ्या मुलीकडे मॅकबुक आणि मालकांच्या हातात फोन. कॉलेज रोडवरचा डिझाइन स्टुडिओ असो की पिंपळगावच्या द्राक्ष निर्यातदाराचं ऑफिस, चित्र थोड्याफार फरकाने हेच. फाइल इकडून तिकडे न्यायची म्हटली की सगळे व्हॉट्सॲप उघडतात, आणि मग एकाच कोटेशनच्या वेगवेगळ्या प्रती वेगवेगळ्या फोनमध्ये पडून राहतात.

हे सगळे कॉम्प्युटर एकमेकांशी नीट बोलू शकतात, तेही एक रुपया जास्तीचा खर्च न करता. अडतं ते घाईमुळे. लवकर काम व्हावं म्हणून पासवर्ड काढून टाकला जातो, अख्खी डी ड्राइव्ह सगळ्यांना उघडी केली जाते, आणि महिन्याभराने विंडोजचं अपडेट आलं की जोडणी तुटते. फाइल्सना एकच घर, शेअरिंगसाठी वेगळं खातं आणि त्याला खरा पासवर्ड, एवढं पहिल्या दिवशी केलं तर पुढे फारसं काही करावं लागत नाही. ते कसं करायचं ते सविस्तर सांगतो.

आधी गरज कोणती ते ठरवा

गरजा तीन प्रकारच्या असतात आणि त्यांचे रस्ते वेगळे आहेत. फाइल ऑफिसबाहेर न्यायची असेल, तर पेनड्राइव्ह किंवा पोर्टेबल हार्ड डिस्क. समोर बसलेल्याला एखादी मोठी फाइल आत्ता द्यायची असेल, तर एखादं ॲप. रोज त्याच फाइल्सवर दोन-चार जण काम करत असतील, तर नेटवर्कवर शेअर केलेलं फोल्डर. रोजच्या कामासाठी पेनड्राइव्ह फिरवत राहिलात तर खरी फाइल कोणती हा घोळ कायम राहणार.

मधल्या गरजेचं उत्तर लगेच देऊन टाकतो. लोकलसेंड नावाचं मोफत ॲप विंडोज, लिनक्स, मॅक, अँड्रॉइड आणि आयफोन अशा सगळ्यांवर चालतं. दोन्ही उपकरणं एकाच वायफायवर हवीत. ॲप उघडायचं, फाइल निवडायची, समोरच्याचं नाव दिसलं की त्यावर टिचकी मारायची. फाइल इंटरनेटवर न जाता थेट जाते, त्यामुळे डेटा संपत नाही आणि व्हॉट्सॲपसारखा फोटोंचा दर्जाही उतरत नाही.

पेनड्राइव्ह कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवायचा

पेनड्राइव्ह एका कॉम्प्युटरवर चालतो आणि दुसऱ्यावर चालत नाही, यामागे बहुतेक वेळा फॉरमॅटच असतो. एफएटी३२ हा सर्वांत जुना आणि सगळीकडे चालणारा. कार स्टिरिओ, टीव्ही, झेरॉक्स मशिन, कारखान्यातलं सीएनसी मशिन, सगळ्यांना तो कळतो. पण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. पेनड्राइव्ह ६४ जीबीचा, रिकामी जागा भरपूर, तरी लग्नाचा ६ जीबीचा व्हिडिओ जात नाही, याचं कारण हेच.

एनटीएफएस हा विंडोजचा घरचा फॉरमॅट. लिनक्स तो वाचतं आणि त्यावर लिहितंही. मॅक मात्र फक्त वाचतो. मॅकवर फाइल उघडते पण पेस्ट करता येत नाही, असं झालं की ड्राइव्ह एनटीएफएसमध्ये आहे असं समजा.

एक्सएफएटी मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणला. त्याचं तांत्रिक वर्णन २०१९ मध्ये खुलं झालं आणि २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यात त्याचा चांगला ड्रायव्हर आला. आज तो विंडोज, मॅक आणि लिनक्स, तिन्हींवर लिहिता-वाचता येतो आणि ४ जीबीची अडचण त्यात नाही. मिश्र ऑफिससाठी पेनड्राइव्ह आणि पोर्टेबल डिस्क एक्सएफएटीमध्येच ठेवाव्यात. विंडोजवर ड्राइव्हवर राइट क्लिक, 'फॉरमॅट', फाइल सिस्टिममध्ये एक्सएफएटी, 'क्विक फॉरमॅट', बस. आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी कॉपी काढून घ्या.

एक्सएफएटीची एक कमजोरी आहे. एनटीएफएससारखी चालू कामाची नोंदवही तो ठेवत नाही, म्हणून लिहिणं चालू असताना ओढून काढला किंवा लाइट गेली तर बिघडण्याची शक्यता जास्त. लिनक्सवर तर खास सांभाळा. तिथे कॉपीची पट्टी पूर्ण भरते, वाटतं झालं, पण बराचसा मजकूर अजून रॅममध्येच असतो आणि मागे हळूहळू लिहिला जात असतो. 'इजेक्ट' दाबलं की 'अजून लिहिणं चालू आहे, काढू नका' अशी सूचना येते. ती जाईपर्यंत थांबायचंच. मोठ्या फाइलला यात दोन-चार मिनिटंही जातात.

आणखी एक इशारा, आणि हा महत्त्वाचा. लिनक्सच्या ईएक्सटी४ फॉरमॅटमधली डिस्क विंडोजला लावली, तर 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल' असा संदेश येऊ शकतो. मॅकवर तशाच वेळी 'इनिशियलाइझ' असं बटण दिसतं. डिस्क खराब झालेली नसते, त्या सिस्टिमला ती वाचता येत नाही इतकंच. 'कॅन्सल' किंवा 'इजेक्ट' दाबा. घाबरून 'फॉरमॅट' दाबल्यामुळे लोकांचा डेटा गेलेला आहे.

रोजच्या कामासाठी नेटवर्कवरचं फोल्डर

विंडोज, लिनक्स आणि मॅक ज्या भाषेत एकमेकांशी फाइल्स बोलतात ती म्हणजे एसएमबी. तिचा जन्म १९८० च्या दशकात आयबीएममध्ये झाला आणि विंडोजने ती आपलीशी केली. १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या विद्यापीठात शिकणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी तीच भाषा युनिक्सला शिकवणारा प्रोग्रॅम लिहिला. पुढे तोच सांबा या नावाने लिनक्सवर आला आणि आजही तोच वापरतात. ॲपलनेही २०१३ पासून मॅकवर फाइल शेअरिंगसाठी एसएमबीलाच पहिली पसंती दिली. त्यामुळे सिस्टिम वेगळ्या आहेत म्हणून शेअरिंग जमणार नाही, अशी शंका मनातून काढून टाका.

पहिला निर्णय: फाइल्स कुठल्या कॉम्प्युटरवर राहणार? जो दिवसभर चालू असतो, यूपीएसवर आहे आणि राउटरला केबलने जोडलेला आहे, तोच निवडा. लॅपटॉप नको, कारण तो संध्याकाळी कुणाच्या तरी बॅगेतून घरी जातो. हा कॉम्प्युटर विंडोज ११ चा आहे असं धरून पुढच्या पायऱ्या देतो.

१. सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट'मध्ये जा, चालू जोडणीचे गुणधर्म उघडा आणि 'प्रायव्हेट नेटवर्क' निवडा. विंडोज नव्या जोडणीला बहुतेक वेळा 'पब्लिक' समजतं आणि मग फायरवॉल शेअरिंगला दार उघडत नाही.

२. त्याच भागात 'ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज' आणि त्यात 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज'. प्रायव्हेटखाली 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' ही दोन्ही चालू करा. खाली 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' असं एक बटण आहे, ते चालूच राहू द्या. अनेक व्हिडिओंमध्ये ते बंद करायला सांगतात. त्याचा अर्थ तुमच्या वायफायवर आलेला कुणीही फोल्डर उघडू शकतो. शिवाय विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो कॉम्प्युटर पासवर्डविना पाहुणा म्हणून दुसरीकडे जोडायला मुळातच नकार देतात, त्यामुळे ही पळवाट आता चालतही नाही.

३. शेअरिंगसाठी वेगळं खातं काढा. सेटिंग्ज, 'अकाउंट्स', 'अदर यूझर्स', 'ॲड अकाउंट'. मायक्रोसॉफ्टचा ईमेल विचारला की 'माझ्याकडे या व्यक्तीची माहिती नाही' आणि मग 'मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय यूझर जोडा' असे पर्याय घ्या. नाव इंग्रजी लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता. पासवर्ड चांगला मोठा.

या तिसऱ्या पायरीवर थोडा वेळ थांबतो, कारण सर्वांत जास्त माणसं इथेच अडकतात. तुम्ही रोज विंडोजमध्ये चार आकडी पिनने शिरता. तो पिन फक्त त्याच कॉम्प्युटरसमोर बसून चालतो. नेटवर्कवरून येणाऱ्याला खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर तो ईमेलचाच पासवर्ड. तो ऑफिसातल्या सगळ्यांना कोण देणार? आणि पासवर्डच नसलेलं खातं असेल तर विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. वेगळं स्थानिक खातं काढलं की या तिन्ही अडचणी एकदम सुटतात. कुणी काम सोडून गेलं तर फक्त त्या खात्याचा पासवर्ड बदलायचा, मालकांचा ईमेल सुरक्षित राहतो.

४. आता फोल्डर. डेस्कटॉप किंवा अख्खी ड्राइव्ह शेअर करू नका. डी ड्राइव्हवर नवीन फोल्डर करा, राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'शेअरिंग', 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग', 'शेअर धिस फोल्डर'वर टिक. शेअरचं नाव छोटं आणि इंग्रजी अक्षरांत द्या, उदाहरणार्थ 'काम' (के-ए-ए-एम). मग 'परमिशन्स'. तिथे 'एव्हरीवन' असेल तो काढून टाका, नवं खातं जोडा आणि 'चेंज' व 'रीड' या दोन्हींवर टिक करा.

५. एवढ्यावर थांबलात तर फोल्डर दिसेल पण फाइल सेव्ह होणार नाही. त्याच खिडकीत 'सिक्युरिटी' हा भाग उघडा, तिथेही ते खातं जोडून 'मॉडिफाय' द्या. विंडोज शेअरची परवानगी आणि फोल्डरची परवानगी अशा दोन्ही तपासतं, आणि जी कडक असेल ती लागू होते.

६. कॉम्प्युटरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, पाहून लिहून ठेवा. जोडणीच्या गुणधर्मांत 'आयपीव्ही४ ॲड्रेस' म्हणून तो दिसतो, समजा १९२.१६८.१.२०. राउटर उद्या वेगळा पत्ता देऊ शकतो, म्हणून राउटरच्या पानावर जाऊन 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' करून घ्या. इंटरनेट जोडणाऱ्या माणसाला सांगितलं तरी तो पाच मिनिटांत करून देतो. शेवटी 'पॉवर' सेटिंगमध्ये 'स्लीप' कायमचं बंद. कॉम्प्युटर झोपला की शेअरही झोपतो.

बाकीच्यांनी जोडायचं कसं

पत्ता टाइप करताना आकडे आणि अक्षरं इंग्रजी कीबोर्डवरूनच द्यायची.

लिनक्स मिंटमध्ये फाइल्सची खिडकी उघडा, कंट्रोल आणि एल एकत्र दाबा आणि वरच्या पट्टीत एसएमबी://१९२.१६८.१.२०/काम असं लिहा. नाव-पासवर्ड विचारेल. 'डोमेन' किंवा 'वर्कग्रुप'च्या चौकटीत जे आधीच लिहिलेलं आहे ते तसंच राहू द्या. 'कायम लक्षात ठेवा' निवडा आणि कंट्रोल-डी दाबून बुकमार्क करून ठेवा, म्हणजे उद्यापासून डावीकडे एका टिचकीत उघडेल. उबंटूतही रीत जवळपास हीच.

मॅकवर फाइंडर समोर असताना कमांड आणि के दाबा, तोच पत्ता लिहा. आयफोनवर 'फाइल्स' ॲपमध्ये तीन ठिपके, मग 'कनेक्ट टु सर्व्हर'. अँड्रॉइडवर नेटवर्कचा पर्याय असलेलं कुठलंही फाइल मॅनेजर चालतं.

दुसरा विंडोज कॉम्प्युटर असेल तर 'धिस पीसी' उघडा, तीन ठिपके, 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह'. अक्षर झेड घ्या, पत्ता \\१९२.१६८.१.२०\काम असा, आणि 'कनेक्ट युझिंग डिफरंट क्रेडेन्शियल्स'वर टिक नक्की करा. ती टिक नसेल तर विंडोज स्वतःच्याच खात्याचं नाव पुढे करत बसतं.

घर लिनक्सचं असेल तर

जुना कॉम्प्युटर मिंटवर नेऊन त्यालाच फाइल्सचं घर करणं हा मला सर्वांत आवडणारा मार्ग. त्याच्यावर दुसरं काम नसतं, त्यामुळे तो निवांत चालत राहतो. फोल्डरवर राइट क्लिक करून 'शेअरिंग ऑप्शन्स' घ्या. सांबा बसलेलं नसेल तर ते बसवण्याबद्दल विचारलं जातं. बसवलं की एकदा लॉगआउट करून परत या, कारण नवी परवानगी पुढच्या लॉगिनपासून लागू होते. मग 'शेअर धिस फोल्डर' आणि 'इतरांना फाइल्स तयार करू द्या' या दोन टिक.

यानंतर विंडोजवरून जोडायला गेलं की पासवर्ड बरोबर देऊनही 'चुकीचा' म्हणतो आणि नवखा माणूस तासभर त्यातच अडकतो. सांबाची पासवर्डची वही लिनक्सच्या लॉगिनपासून वेगळी असते, आणि ती सुरुवातीला कोरी असते. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून एकच आज्ञा द्यायची: 'सुडो', मग 'एसएमबीपासडब्ल्यूडी', मग 'डॅश ए', शेवटी खात्याचं नाव. प्रत्येकाच्या मधे एक जागा, सगळं इंग्रजी लहान अक्षरांत. 'पासडब्ल्यूडी'चं इंग्रजी स्पेलिंग पी-ए-एस-एस-डब्ल्यू-डी, मध्ये ओ-आर नाही. आधी लॉगिनचा पासवर्ड विचारेल, मग शेअरिंगसाठीचा नवा पासवर्ड दोनदा. टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ते तसंच असतं.

मॅकला घर करायचं असेल तर सेटिंग्ज, 'जनरल', 'शेअरिंग', 'फाइल शेअरिंग' चालू करा, शेजारच्या 'आय' चिन्हात फोल्डर जोडा. तिथेच 'ऑप्शन्स'मध्ये 'विंडोज फाइल शेअरिंग'खाली तुमच्या खात्यावर टिक करून पासवर्ड द्या. ही शेवटची टिक राहिली की विंडोजवाल्यांना आत शिरता येत नाही.

कारखान्यातलं जुनं मशिन

सातपूर-अंबडमध्ये हा प्रश्न हमखास येतो. मशिनच्या कंट्रोलरमध्ये विंडोज एक्सपी आहे, किंवा झेरॉक्स मशिन दहा-बारा वर्षांपूर्वीचं आहे आणि त्याला स्कॅन थेट फोल्डरमध्ये टाकायचं आहे. यांना एसएमबीची पहिली आवृत्तीच येते. नव्या विंडोजमध्ये ती बंद असते, आणि 'फीचर्स'मध्ये जाऊन ती चालू करा असा सल्ला कुणीतरी देतंच.

हिशोबाच्या कॉम्प्युटरवर ती चालू करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तो याच पहिल्या आवृत्तीतल्या छिद्रातून. मायक्रोसॉफ्टने त्याचा उपाय दोन महिने आधी, मार्चमध्ये दिला होता, पण ज्यांनी तो बसवला नव्हता त्यांच्या फाइल्स कुलूपबंद झाल्या. एक्सपीच्या मशिनवर असे उपाय आता येतच नाहीत.

मशिनला प्रोग्रॅम द्यायचा असेल तर एफएटी३२ चा छोटा पेनड्राइव्ह पुरतो. सीएनसीच्या प्रोग्रॅम फाइल्स अगदी लहान असतात. नेटवर्कच हवं असेल, तर एक जुना लिनक्स कॉम्प्युटर फक्त त्या मशिनसाठी ठेवा. वेगळा राउटर, इंटरनेट नाही, आणि शेअर केलेलं एकच फोल्डर. स्कॅनरसाठी मेन्यूत 'स्कॅन टु यूएसबी' किंवा 'स्कॅन टु ईमेल' आहे का ते आधी बघा, बहुतेकांत असतं.

एकाच कॉम्प्युटरवर दोन सिस्टिम असतील तर

मुक्त विद्यापीठाचे किंवा इंजिनिअरिंगचे विद्यार्थी अनेकदा एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवतात. लिनक्समधून विंडोजची ड्राइव्ह उघडते, पण त्यावर लिहिता येत नाही. कारण 'फास्ट स्टार्टअप'. विंडोज 'शट डाउन' केल्यावर पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि ड्राइव्ह आपल्या ताब्यात ठेवतं. कंट्रोल पॅनेलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स', 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथे जाऊन फास्ट स्टार्टअपची टिक काढा. एका वेळेपुरतं हवं असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा. लिनक्समधून ती ड्राइव्ह जबरदस्तीने लिहिण्यासाठी उघडायच्या युक्त्या सापडतात, त्यांच्या नादी लागू नका. झोपेतून उठलेलं विंडोज जुनी माहिती धरून लिहायला लागतं आणि फाइल्स बिघडतात.

बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हला लावलेलं विंडोजचं कुलूप, चालू असेल तर लिनक्स ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते. कागदावर उतरवून कपाटात ठेवा.

मराठी नावांच्या फाइल्स

फाइल्सना मराठीत नावं जरूर द्या, तिन्ही सिस्टिम युनिकोड व्यवस्थित दाखवतात. फक्त काही गोष्टी माहीत असू द्या.

लिनक्समध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे हातात उरतात ८५ चिन्हं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगवेगळी मोजली जातात. शासन निर्णयाचं पूर्ण शीर्षकच फाइलचं नाव म्हणून ठेवायची सवय अनेक ऑफिसांत आहे. विंडोजवर अशी फाइल आरामात बसते, लिनक्सवर कॉपी करताना 'नाव फार लांब' म्हणून अडते. तारीख आणि दोन-तीन शब्द एवढंच नाव ठेवा.

दुसरं म्हणजे 'शेतकऱ्यांची यादी' यातला ऱ. युनिकोडमध्ये हे अक्षर दोन तऱ्हांनी लिहिता येतं, एकच चिन्ह म्हणून किंवा र आणि त्याखाली नुक्ता अशी जोडी म्हणून. दिसायला दोन्ही सारखेच. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत नावं जोडीच्या रूपात साठवते, तर कीबोर्डवरून सहसा एकच चिन्ह उमटतं. त्यामुळे जुन्या मॅकवरून आलेल्या फोल्डरमध्ये नाव शोधलं तर सापडत नाही, किंवा लिनक्सवर एकाच नावाच्या दोन फाइल्स शेजारी शेजारी दिसतात. अशा वेळी फाइलला त्या कॉम्प्युटरवर नव्याने नाव द्या, प्रश्न मिटतो.

विंडोजला नावात तिरकी रेघ, विसर्गासारखे दोन ठिपके, तारा, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, उभी रेघ आणि लहान-मोठेपणाची चिन्हं चालत नाहीत. लिनक्सवर 'दर किती?' असं नाव दिलेली फाइल विंडोजवरून पाहिली की भलतंच आखूड नाव दिसतं. तारखेत तिरक्या रेघेऐवजी डॅश वापरा.

आणि फाइल पोहोचली म्हणजे ती वाचता येईलच असं नाही. श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रिका दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांचा गिचमिड मजकूर होऊन उघडते. छापायला द्यायची असेल तर पीडीएफ करून द्या, आणि नवं काम युनिकोडमध्येच करा.

शेअर म्हणजे बॅकअप नव्हे

सगळ्या फाइल्स एका जागी आल्या की ती जागा जपणं आलंच. एका कॉम्प्युटरमध्ये खंडणीखोर व्हायरस शिरला तर तो झेड ड्राइव्हवरच्या फाइल्सही कुलूपबंद करतो, कारण त्या खात्याला लिहायची परवानगी तुम्हीच दिलेली असते. एक पोर्टेबल डिस्क आणा, आठवड्यातून एकदा फोल्डर त्यावर कॉपी करा, आणि कॉपी झाली की केबल काढून डिस्क दुसरीकडे ठेवा. सतत लावून ठेवलेली डिस्क व्हायरसच्याही हाताशी असते.

घरून फाइल्स बघता याव्यात म्हणून राउटरवर एसएमबीचं ४४५ क्रमांकाचं पोर्ट इंटरनेटसाठी उघडायचं नाही, कुणीही सांगितलं तरी. त्यासाठी सिंकथिंग वापरा. ते मोफत आहे आणि दोन कॉम्प्युटरमधलं फोल्डर आपोआप सारखं ठेवतं.

जोडत नसेल तर

'नेटवर्क'च्या यादीत कॉम्प्युटर दिसत नाही म्हणून शेअर बंद आहे असं समजू नका. विंडोज आणि सांबा यांची एकमेकांना शोधायची रीत वेगळी आहे, यादी अर्धवट असतेच. थेट आयपी पत्ता टाकून बघा.

पत्ता टाकूनही काहीच होत नसेल, पासवर्डही विचारत नसेल, तर पोहोचण्यातच अडचण आहे. दोन्ही एकाच वायफायवर आहेत का? 'गेस्ट' वायफायवरचं उपकरण बाकीच्यांना पाहू शकत नाही, आणि काही राउटरवर उपकरणांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारं 'एपी आयसोलेशन' चालू असतं. मुख्य कॉम्प्युटर झोपला आहे का, त्याचं नेटवर्क परत 'पब्लिक' झालं आहे का, दुसऱ्या कंपनीच्या अँटिव्हायरसची फायरवॉल मधे येते आहे का, ते पाहा.

पासवर्ड विचारतो पण घेत नसेल, तर पिन दिला जातोय का ते बघा. सांबा असेल तर वर दिलेली आज्ञा राहिली असेल. विंडोजवर जुना चुकीचा पासवर्ड साठलेला असतो, तो 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये जाऊन पुसा. एकाच कॉम्प्युटरवर दोन वेगळ्या नावांनी एकाच वेळी जोडायला विंडोज नकार देतं, तेव्हा आधीची जोडणी तोडून मग नवी करा.

आत गेलात, फाइल उघडली, पण सेव्ह होत नाही, तर परवानगी. पाचवी पायरी पुन्हा बघा. फाइल दुसऱ्या कुणी उघडून ठेवली असेल तरीही असं होतं. एकच एक्सेल फाइल दोघांनी एकाच वेळी उघडायची नाही, विशेषतः एकाकडे एक्सेल आणि दुसऱ्याकडे लिब्रेऑफिस असेल तर.

सगळं चालतंय पण फार हळू चालतंय, तर केबल तपासा. गिगाबिट जोडणीवर १० जीबी साधारण दीड मिनिटात जातात, १०० मेगाबिटवर पंधरा मिनिटं लागतात. गिगाबिटला केबलच्या आठही तारा लागतात. कनेक्टर बसवताना चारच तारा जोडल्या असतील किंवा एखादी तुटली असेल, तर जोडणी गुपचूप १०० वर उतरते आणि इंटरनेट नीट चालत असल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. विंडोजमध्ये जोडणीच्या गुणधर्मांत 'लिंक स्पीड' दिसतो. तिथे १००० ऐवजी १०० असेल, तर आधी कॅट ५ई किंवा कॅट ६ ची तयार केबल लावून बघा.